अंधाराची मुदत

इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी करीत असतानाच १८७४ च्या सुमारास लाला दीनदयाळ यांनी कॅमेरा हाती घेतला. दुसरे तुकोजीराव होळकर यांचे त्यांना प्रोत्साहन लाभले. त्या काळी काचेवर कलोडियनचा लेप द्यावयाचा, अंधारात ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावयाची आणि ओली असतानाच छायाचित्र घेऊन धुवावयाची, अशी रीत होती. १०-१५ मिनिटांत लेप वाळला, की काच निकामी!

आज ऑफसेट छापखान्यातील प्लेटवर आणि चिप घडविताना सिलिकॉनच्या चकतीवर प्रकाशाला प्रतिसाद देणारा लेपच असतो. निळ्या व अतिनील किरणांनी तो बदलतो; म्हणून तेथे पिवळे दिवे लावतात. मात्र कितीही झाकून ठेवला, तरी या लेपालाही वापराची मुदत असतेच.

सत्यालाही असा आडोसा लागतो काय? शासकीय सेवेत आम्ही 'गोपनीय' हा शिक्का पुष्कळदा वापरला. चौकशी चालू असता साक्षीदारांची नावे झाकणे आम्हांस आजही योग्य वाटते. अवेळी आलेला प्रकाश चित्र बिघडवितो. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानेही काही अपवाद मान्य केलेच आहेत.

परंतु एक प्रसंग मनातून जात नाही. एका कनिष्ठ लिपिकावरील आरोप चौकशीत खोटा ठरला होता. अहवाल आमच्या कपाटात होता. तो उघड झाल्यास एका वरिष्ठाची घाई चव्हाट्यावर येणार होती. म्हणून आम्ही 'योग्य वेळेची' वाट पाहिली. दरम्यान ते गृहस्थ निवृत्त झाले. निरोपसमारंभाला कोणी फिरकले नाही. पुढे निर्दोषत्वाचे पत्र त्यांच्या घरी पोहोचले, तेव्हा ते वाचावयास त्यांच्या पत्नीच उरल्या होत्या.

नियम आम्ही एकही मोडला नव्हता. तरीही दोष आमचाच. अंधार चित्रासाठी राखला आहे, की काच धरणाऱ्या हातासाठी, हा प्रश्न आम्ही स्वतःस वेळीच विचारला नाही. पहिला अंधार कर्तव्य आहे, दुसरा अन्याय. दोन्ही अंधार दिसावयास मात्र सारखेच असतात, आणि तेवढ्यात लेप वाळून जातो.