शेजाऱ्याचं ऋण

बापाचं पाप मुलाच्या माथी येतं का? कर्मसिद्धान्त म्हणतो, ज्याचं त्यानं भोगावं. पण त्याच परंपरेतलं धर्मशास्त्र बापाचं कर्ज फेडणं मुलाचं कर्तव्य मानतं. पाप आणि ऋण यांतला हा फरक मोलाचा आहे. १९४६ साली कार्ल यास्पर्स या तत्त्वज्ञानं पराभूत जर्मनीपुढे असंच काहीसं मांडलं: गुन्हा ज्याचा त्याचा, पण राज्यानं जे केलं त्याचं देणं सगळ्या नागरिकांचं. डिसेंबर १९७० मध्ये पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर विली ब्रांट यांनी वॉर्सात ज्यूंच्या स्मारकापुढे गुडघे टेकले. ते स्वतः हिटलरचे विरोधक, त्या काळात परागंदा झालेले. पाप त्यांचं नव्हतंच, तरी देणं त्यांनी आपलं मानलं. त्याआधी, १९६५ मध्ये, पोलंडच्या बिशपांनी, म्हणजे ज्यांनी सोसलं त्यांनीच, जर्मन बिशपांना पत्र लिहून क्षमा केली आणि मागितलीही. मागितली, कारण युद्धानंतर लाखो जर्मनांची घरंदारं सुटली होती.

लातूरला हा प्रश्न परका नाही. हैदराबादच्या निजामाची सत्ता टिकवू पाहणाऱ्या रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी इथलाच वकील. रझाकारांनी गावं लुटली, बिदरकडच्या गोरट्यात माणसं मारली. निजामाविरुद्धचा स्वामी रामानंद तीर्थांचा मुक्तिलढा न्यायाचा होता, यात शंका नाही. पण सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्यानं केलेल्या पोलीस ॲक्शननंतर काय झालं, तेही भारत सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं नोंदवलं आहे. लातुरात वीसहून अधिक दिवस कत्तल चालली. सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार समितीला दिसले. हैदराबाद संस्थानभरात किमान २७ ते ४० हजार बळी गेले, असा तिचा अंदाज होता. तो अहवाल कित्येक दशकं दडून राहिला.

यावर कुणी रागानं विचारेल, आधी सोसलं कुणी? मुक्तिलढ्याला रझाकारांच्या पंगतीला बसवता का? मुळीच नाही. पोलंडच्या बिशपांनीही दोन्ही दुःखं एका मापानं मोजली नव्हती. तरी त्यांच्याच सरकारनं त्यांना दूषणं दिली, आणि ब्रांट यांचं गुडघे टेकणं जवळजवळ निम्म्या पश्चिम जर्मनांना अती वाटलं. आपल्या बाजूचं देणं मान्य केल्यानं आपली बाजू खोटी ठरत नाही. रझाकारांनी मारलेल्यांसाठी रडणारा माणूस त्या वीस दिवसांतल्या निरपराधांसाठी कोरडा राहिला, तर त्याचं दुःख माणसासाठी नव्हतं, जातीसाठी होतं. त्याच अहवालात हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवल्याचीही नोंद आहे. १७ सप्टेंबरच्या, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनानंतर त्या विणकरांबद्दलही मुलांना सांगायला हवं, आणि ज्यांना वाचवता आलं नाही त्यांच्याबद्दलही.