ओठांवरचे ध्यान : मराठी ख्रिस्ती उपासनेतील वाचन आणि चिंतन

ख्रिस्ती ध्यानप्रार्थनेचा विषय निघाला की सामान्यतः मठाची उंच भिंत, मिटलेले डोळे आणि दीर्घ मौन एवढेच चित्र मनासमोर उभे राहते, आणि असे काही आपल्या धावपळीच्या संसारात शक्य नाही, असे समजून सश्रद्ध माणूसही तो विषय तेथेच सोडून देतो. ध्यानप्रार्थना म्हणजे मागणे, कबुली, स्तुती या ओळखीच्या प्रकारांतून पुढे जाऊन देवाच्या सान्निध्यात प्रेमाने स्थिर राहणे, ही व्याख्या बरोबर आहे. पण त्या स्थैर्यापर्यंत जाण्याची वाट मौनातूनच सुरू होते, ही समजूत मात्र इतिहासाला धरून नाही. जुन्या ख्रिस्ती परंपरेत ती वाट बहुधा ओठांवरून, म्हणजे मोठ्याने केलेल्या वाचनातून आणि पुनःपुन्हा उच्चारलेल्या एखाद्या वचनातून गेलेली आहे. मराठी ख्रिस्ती समाजाची चारशे वर्षांची उपासना पाहिली तर ही गोष्ट अधिकच स्पष्ट होते, आणि तरीही आध्यात्मिक शिबिरांच्या आजच्या काळात तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्या अठ्ठेचाळिसाव्या प्रकरणात हातांचे काम आणि पवित्र ग्रंथांचे वाचन यांच्या वेळा ठरवून दिल्या आहेत. दुपारच्या विश्रांतीत ज्याला वाचायचे असेल त्याने इतरांना त्रास होणार नाही अशा बेताने वाचावे, अशी सूचनाही तेथे आहे. मनातल्या मनात वाचणे हा रिवाज असता तर या सूचनेची गरज पडली नसती. मिलानचा बिशप अँब्रोझ ओठ न हलवता वाचतो, याचे संत ऑगस्टिनला इतके आश्चर्य वाटले की त्याने आपल्या आत्मकथनात त्याची मुद्दाम नोंद करून ठेवली. बाराव्या शतकात ग्विगो या कार्थुसियन मठाधिपतीने एका छोट्या ग्रंथात या साधनेला शिडीचे रूप देऊन तिच्या चार पायऱ्या सांगितल्या : वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान. वाचनाने वचन हाती येते, मननाने त्याचा अर्थ उकलतो, त्या अर्थाची ओढ लागली की माणूस देवाशी बोलू लागतो, आणि बोलता बोलता शब्द आपोआप विरळ होतात. यांतली चौथी पायरी साधकाच्या प्रयत्नाने गाठता येत नाही, ती कृपेने मिळते, असे ही परंपरा मानते. त्यामुळे साधकाच्या हाती जे उरते ते मुख्यतः वाचन.

मराठी वाचकाला येथे वेदान्तातील श्रवण, मनन आणि निदिध्यासन आठवणे स्वाभाविक आहे, आणि हे साम्य वरवरचे नाही. तथापि दोन्ही क्रम शेजारी ठेवले की एक फरक लगेच नजरेत भरतो. ग्विगोच्या शिडीत मनन आणि ध्यान यांच्या मध्ये प्रार्थनेची पायरी आहे, म्हणजे जे समजले ते घेऊन साधकाला कोणाला तरी ‘तू’ म्हणावे लागते. वेदान्ताच्या त्रयीत अशा संबोधनाला वेगळी पायरी नाही, कारण तेथे साधायचे आहे ते जीव आणि ब्रह्म यांच्या अभेदाचे ज्ञान. या दृष्टीने पाहिले तर ख्रिस्ती ध्यानाचे महाराष्ट्रातील जवळचे नाते अद्वैती ध्यानापेक्षा वारकऱ्यांच्या अभंगाशी आहे, जेथे देवाशी भांडण, लाडीगोडी, रुसवा हे सगळे होते आणि मगच शांती येते. महाराष्ट्रातील ज्या ख्रिस्ती लेखकांनी हे नाते ओळखले त्यांचे लेखन लोकांच्या तोंडी बसले. ज्यांनी ध्यानाची तंत्रे आणली त्यांना कीर्ती मिळाली, पण घराघरांत त्यांची जागा झाली नाही.

या इतिहासाची सुरुवात गोव्यात होते. 1579 मध्ये गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स साष्टीत धर्मशिक्षण देत असता, जुनी पुराणे वाचण्यास बंदी झाली तर त्यांच्या जागी आम्ही काय वाचावे, असा प्रश्न एका ब्राह्मण श्रोत्याने केला, आणि त्यातून ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ निर्माण झाले, अशी हकिगत त्या ग्रंथातच येते. 1616 मध्ये राशोल येथे ते रोमन लिपीत छापले गेले; सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ रविवारी आणि सणांच्या दिवशी चर्चमध्ये मोठ्याने वाचला जात असे. यात आदर्श म्हणून मिरवण्यासारखे सर्वच आहे असे नाही. ज्या पोर्तुगीज सत्तेने जुने ग्रंथ हिरावून घेतले तिच्याच आश्रयाने नवा ग्रंथ आला, आणि 1684 मध्ये त्याच सत्तेने स्थानिक भाषांच्या वापरावरच आघात करणारा हुकूम काढला. परंतु त्या प्रश्नकर्त्या ब्राह्मणाची जाण अचूक होती. नव्या धर्माची तत्त्वे त्याला प्रश्नोत्तरांतून शिकवली जातच होती. त्याला हवे होते ते वर्षानुवर्षे ऐकावे, पाठ व्हावे आणि काम करताना आठवावे असे काहीतरी. भक्तिपर वाचनाची याहून नेमकी मागणी युरोपातील मठांतही कोणी केली नसेल.

हीच मागणी तीन शतकांनंतर नारायण वामन टिळकांनी स्वतःकडे केली. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले टिळक अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करत होते. तेथे ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा त्यांच्या आधीच सुरू झाली होती, पण उपासनेतील बरीचशी गीते इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरे होती. अशा गीतांनी श्रद्धेचा उच्चार होतो, पण मराठी माणूस एकटा असताना ती त्याच्या ओठांवर आपण होऊन येत नाहीत, हे टिळकांसारख्या कवीला न सांगता कळले असावे. त्यांनी अभंग, भजने आणि पदे लिहिली, आणि आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत पोचलो असे ते मोकळेपणाने सांगत. त्यांच्या ‘अभंगांजली’तील रचनांत उपदेश कमी आणि सलगी जास्त आहे, ग्विगोची तिसरी पायरी येथे अभंगाच्या चरणांत उतरलेली दिसते. 1917 मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. ख्रिस्ताचे अनुयायी होऊ इच्छिणाऱ्या बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोघांनाही त्यात स्थान होते, आणि ही गोष्ट अनेक मिशनऱ्यांच्या पचनी पडणे कठीणच होते. दोन वर्षांत टिळक वारले आणि दरबार मोडला. गीते मात्र टिकली. प्रॉटेस्टंट मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात आजही टिळकांचा वाटा मोठा आहे.

टिळकांच्या या यशावर एक आक्षेप घेता येतो. अहमदनगर भागातील ख्रिस्ती समाज मोठ्या संख्येने महार आणि मांग समाजांतून आलेला होता, आणि चित्पावन पंडिताच्या घरातली संस्कृतप्रचुर भाषा त्यांच्या प्रार्थनेची भाषा कितपत होऊ शकते, हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. त्याचे अर्धे उत्तर असे की अभंग वाचावा लागत नाही, तो ऐकून पाठ होतो, आणि निरक्षर माणसालाही भक्तिपर ‘वाचन’ करता येते ते अशा रचनांमुळेच. उरलेले अर्धे उत्तर पंडिता रमाबाईंकडे शोधावे लागते.

रमाबाई टिळकांच्या समकालीन, त्यांच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठ्या आणि संस्कृतात अधिक मुरलेल्या. पण त्यांनी नेमकी उलटी वाट धरली. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये राहून त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षे हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात घालवली. हिंदू दर्शनांचा वास असलेले शब्द टाळावेत आणि कमी शिकलेल्या बाईलाही समजेल अशी साधी भाषा असावी, हा त्यांचा आग्रह होता. 1922 मध्ये त्या गेल्या आणि 1924 मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून हे बायबल पूर्ण छापून निघाले. त्यांच्या आश्रमातील प्रार्थनाही शांत नव्हती : 1905 च्या धार्मिक जागृतीच्या लाटेत शेकडो मुली एकाच वेळी आपापली प्रार्थना मोठ्याने करत, आणि तो कल्लोळ पाहून बाहेरून आलेले पाहुणे चक्रावत. टिळकांना भक्तीची भाषा जवळ करायची होती, रमाबाईंना तिच्यापासून सुटका हवी होती. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे आहे. ज्या परंपरेने विधवेला नाकारले तिचे शब्द विधवेच्या तोंडी पुन्हा घालू नयेत, या रमाबाईंच्या भूमिकेला सौंदर्यदृष्टीचे उत्तर पुरत नाही. तरीही साहित्य म्हणून आणि प्रार्थना म्हणून टिळक अधिक जिवंत राहिले, हे मान्य करावे लागते.

टिळकांचा प्रभाव पडलेल्यांत जॅक विन्स्लो हे इंग्रज धर्मगुरू होते. त्यांनी 1922 मध्ये ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला, टिळकांचे चरित्र लिहिले, आणि पुढे पुण्यात आश्रम उभारला. 1927 मध्ये संघात आलेल्या व्हेरिअर एल्विन यांनी ‘अज्ञेयाचा मेघ’ असे ज्याचे नाव मराठीत करता येईल त्या चौदाव्या शतकातील निनावी इंग्रज ग्रंथावर ‘ख्रिश्चन ध्यान’ नावाचे पुस्तक लिहिले, जे 1930 मध्ये प्रसिद्ध झाले. देव बुद्धीने पकडता येत नाही, प्रेमाने मात्र त्याला गाठता येते, आणि त्यासाठी साधकाने एखादा छोटा, शक्य तर एकाक्षरी शब्द मनात घट्ट धरावा, अशी त्या मूळ ग्रंथाची शिकवण आहे. नामस्मरणाच्या प्रदेशात बसून तिचा अभ्यास व्हावा, यात औचित्य होते. पण एल्विन यांचे पुस्तक अभ्यासकांपुरते राहिले. ते स्वतः शामराव हिवाळे यांच्यासह 1932 मध्ये मंडला जिल्ह्यात गोंडांमध्ये राहायला गेले आणि काही वर्षांत चर्चपासूनही दूर झाले.

महाराष्ट्रात राहून ध्यानाच्या पद्धतींकडे वळलेल्यांत दुसरे नाव अँथनी डिमेलो यांचे. मुंबईत 1931 मध्ये जन्मलेल्या या जेझुइटाने आधी पुण्यात आणि मग लोणावळ्यात ‘साधना’ संस्था चालवली, आणि 1978 च्या ‘साधना’ या पुस्तकात श्वासावर लक्ष, शरीराच्या संवेदना, कल्पनाचित्रे अशा पद्धती देऊन जगभरच्या वाचकांना ध्यानाला बसवले. त्यांची किमया नाकारण्याचे कारण नाही. मात्र 1989 च्या पत्रात व्हॅटिकनने ध्यानतंत्रे उपयोगी असली तरी ती प्रार्थनेच्या जागी येऊ शकत नाहीत, प्रार्थना हा व्यक्ती आणि देव यांच्यातील संवाद आहे, असे बजावले, आणि डिमेलो यांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, 1998 मध्ये, त्यांच्या उत्तरकालीन लेखनात देवाचे व्यक्तिरूप पुसट होते असा ठपका ठेवला. मृत लेखकाला उत्तर देता येत नाही, म्हणून ही कारवाई अनेकांना खटकली, आणि ते खटकणे योग्यच होते. पण आक्षेपाचा गाभा वेगळा काढला तर तो ग्विगोच्या तिसऱ्या पायरीचाच प्रश्न आहे.

रोजच्या जीवनापुरते पाहिले तर डिमेलो यांच्याच जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला अधिक व्यवहारी ठरतात. 1548 मध्ये पोपची मान्यता मिळालेल्या त्यांच्या साधनाग्रंथात, ज्याला कामधंदा सोडून एकांतवासाला जाता येत नाही त्याने घरी राहून रोज दीड तास द्यावा, अशी सोय आहे. प्रभूची प्रार्थना एकेका शब्दावर थांबत म्हणावी, किंवा प्रत्येक श्वासाबरोबर एकच शब्द उच्चारावा, अशा दोन पद्धतीही त्यांनी दिल्या आहेत. पाचव्या शतकातील जॉन कॅसियनने तर सत्तराव्या स्तोत्रातील साहाय्याची एकच याचना काम करताना, चालताना, झोपेतून उठताना म्हणत राहावी असे सांगितले होते. या सर्व पद्धतींना जागा लागत नाही, आसन लागत नाही, आणि शेजारी माणसे असली तरी चालते.

अशा पद्धतींचे महत्त्व महाराष्ट्राबाहेर, दिल्लीलगतच्या गाझियाबादसारख्या ठिकाणी कळते. हे शहर कॅथलिक व्यवस्थेत मेरठ धर्मप्रांतात येते, आणि त्या धर्मप्रांताचे मोठे तीर्थ म्हणजे बेगम समरूने बांधलेले सरधन्याचे चर्च. तेथील यात्रा नवसाची, मेणबत्त्यांची आणि गर्दीची आहे, आणि तिलाही स्वतःची भक्ती आहे, पण यात्रा वर्षातून एकदा येते, आणि वैशाली किंवा साहिबाबादहून रोज दिल्लीला जाणारा नोकरदार उरलेल्या दिवसांत जे काही करेल ते त्याला मेट्रोत उभे राहून, नाहीतर रात्रीचे जेवण आटोपल्यावर घरातच करावे लागते. नोकरीनिमित्त या भागात आलेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबाला रविवारची उपासना बहुधा हिंदीत किंवा इंग्रजीत मिळते, आणि मराठी उरते ती कौटुंबिक प्रार्थनेत : आजीच्या तेर्सात, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेत, टिळकांच्या एखाद्या भजनात, किंवा फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 2010 च्या ‘सुबोध बायबल’मधून काढलेल्या शास्त्रपाठात. दिब्रिटो यांनी भाषांतराला टिपांची जोड दिली आहे, आणि ग्विगोच्या मननाच्या पायरीवर त्या टिपा उपयोगी पडतात; मात्र टिपा वाचण्याच्या नादात वचन मोठ्याने वाचायचे राहून गेले, तर साधना अभ्यासात अडकते.

अशा घरातील मुलांची गोष्ट थोडी वेगळी आहे. शाळेतल्या हिंदीमुळे त्यांना देवनागरी येते, पण मराठी वाचताना ती अडखळतात, जोडाक्षरापाशी थांबतात, क्रियापदाचे रूप चुकले की ओळ पुन्हा पहिल्यापासून घेतात, आणि मोठ्या माणसांना ते ऐकवत नाही म्हणून पुस्तक लवकरच इंग्रजी बायबलशी बदलले जाते. इंग्रजीत ती भराभर वाचतात आणि पाच मिनिटांत पाठ संपतो. बेनेडिक्टच्या मठात मात्र उपवासकाळाच्या आरंभी प्रत्येकाला ग्रंथालयातून एक ग्रंथ दिला जाई आणि तो आरंभापासून अखेरपर्यंत क्रमाने वाचावा, असा नियम होता. किती वेगाने वाचावा, याविषयी नियमावलीत एक शब्दही नाही.