विसरणें हा अपराध होय काय?

"सांगितलेलें एका कानानें ऐकतो व दुसऱ्यानें सोडून देतो," असा ठपका आपण मुलांवर सहज ठेवतों. परंतु ज्याच्या मनांतून ऐकलेलें खरोखरच निसटून जातें, त्याला काय म्हणावें?

आई गरोदर असतां दारू प्याली, तर ती रक्तावाटे नाळेंतून गर्भाच्या अंगांत जाते व त्याच्या वाढत्या मेंदूस अपाय करिते. फ्रान्स देशांतील डॉ. लमुआन यांनीं १९६८ सालीं अशा बालकांविषयीं लिहिलें, आणि अमेरिकेंत सिएटल येथें डॉ. जोन्स व डॉ. स्मिथ यांनीं १९७३ सालीं या विकारास नांव दिलें. कित्येकांचा चेहरा इतरांसारखाच असतो; यास्तव त्यांचें दुखणें कोणास दिसत नाहीं. तें रोजच्या व्यवहारांत प्रकट होतें. काल पाठ केलेला पाढा आज आठवत नाहीं. तीन कामें एकदम सांगितलीं, तर एक होतें, दोन राहतात. पांच वाजतां येण्याचें कबूल करून तरुण जातो. पांच वाजतात, पण त्या वेळीं कबुलीची आठवण जागी होत नाहीं.

जाणूनबुजून वचन मोडणारा व ज्याला तें वेळेवर आठवलेंच नाहीं असा, हे दोघे सारखेच दोषी काय? वचन मोडण्यास आधीं तें मनांत असावें लागतें. कॅनडांतील सत्य व समेट आयोगानें २०१५ सालीं सरकारास सांगितलें कीं, असा विकार असलेल्या अपराध्यांच्या गरजा ओळखून न्यायाची रीत सुधारावी.

कोणी म्हणेल, मग सर्वांनाच सबब सांपडेल. परंतु समजून घेणें म्हणजे मोकळें सोडणें नव्हे. अधू पायाच्या माणसाला आपण काठी देतों. चालूं नको असें म्हणत नाहीं. तसेंच येथें एका वेळीं एकच काम सांगावें, तें लिहून भिंतीस लावावें, रोजचा क्रम बदलूं नये, घड्याळाचा गजर लावून द्यावा, व चुकल्यास न रागावतां पुन्हां सांगावें. 

मातेला बोल लावणाऱ्यानेंही थांबावें. पुष्कळ स्त्रियांच्या पोटांत, आपण गरोदर आहों हें कळण्यापूर्वींच दारू गेलेली असते. गरोदरपणीं एक घोटही घेऊं नये, हें सर्वांस सांगावें. पण आपल्या निंदेच्या भयानें ती गप्प राहिली, तर मुलाच्या विसरण्याचें कारण कोणासच कळणार नाहीं, व मार मात्र तें मूल खाईल.

वाचकहो, ज्याला आठवत नाहीं त्याच्याकरितां आठवण ठेवणें, हें ज्यांना आठवतें त्यांचें कर्तव्य होय.