गंधसरू घाई करीत नाही



आज सामान्य काळातील अकरावा रविवार. पहिल्या वाचनात यहेज्केल संदेष्टा आपल्याला लबानोनच्या गंधसरूपाशी घेऊन जातो. त्या उंच झाडाच्या शेंड्यावरची एक कोवळी डहाळी परमेश्वर स्वतः खुडणार आणि इस्राएलच्या उंच डोंगरावर लावणार, असे तो सांगतो. आजच्या स्तोत्रातही (स्तोत्र ९२) नीतिमान माणसाला खजुरीची आणि याच गंधसरूची उपमा दिली आहे.

खजूर आपल्याला ठाऊक आहे. गंधसरू मात्र आपल्यापैकी फारच थोड्यांनी पाहिला असेल. हिमालयातला देवदार हा त्याचा भाऊबंद. त्याला कडक थंडी आणि कोरडा उन्हाळा मानवतो. आपल्या दमट हवेत आणि मुसळधार पावसात तो टिकायचा नाही. पण युरोपात सतराव्या शतकापासून मोठमोठ्या बागांची शोभा म्हणून लोकांनी तो हौसेने लावला.

ही हौस सोपी नाही. बी पेरण्याआधी काही आठवडे ओलसर थंडीत ठेवावे लागते. रोप उगवले तरी पहिली काही वर्षे ते वाढल्यासारखे दिसतच नाही. तरुण झाड निमुळते असते. ज्या आडव्या, मजल्यांसारख्या पसरलेल्या फांद्यांसाठी ते लावतात, त्या दिसायला कित्येक दशके जातात. पहिले शंकू धरायलाच साधारण पंचवीस ते चाळीस वर्षे लागतात आणि ते पिकायला आणखी दीड-दोन वर्षे. म्हणून जाणता माळी ते हातभर रोप घरापासून लांब, मोकळ्या उन्हात लावतो. ते आज केवढे आहे हे तो पाहत नाही, उद्या त्याला किती जागा लागेल हे पाहतो.

पॅरिसच्या वनस्पती उद्यानात बर्नार्ड द ज्युसिय या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७३४ साली इंग्लंडहून आणलेले गंधसरूचे रोप लावले. वाटेत कुंडी फुटली तेव्हा त्याने ते आपल्या टोपीतून आणले, अशी आख्यायिका आहे. १७७७ साली तो वारला. झाड आजही उभे आहे. त्याची खरी सावली लावणाऱ्याला नव्हे, पुढच्या पिढ्यांना मिळाली.

आता आपल्या घराकडे वळू या. मुलाच्या हातात जपमाळ दिली की महिन्याभरात तो भक्तिमान व्हावा, असे आपल्याला वाटते. शेजारच्या मुलाशी आपण त्याची तुलना करतो. दृढीकरणानंतर तो रविवारच्या मिस्साला येईनासा झाला की, ‘हा हातचा गेला’ असे आपण त्याच्यादेखत बोलून टाकतो. रोप रुजले की नाही हे पाहण्यासाठी ते रोज उपटून पाहणाऱ्यासारखे हे आहे. अशाने रोप मरते, आणि दोष मात्र आपण मातीला देतो. नवऱ्याची दारू, भावाभावांतला अबोला, आपला स्वतःचा राग, यांसाठी केलेल्या प्रार्थनाही आपण अशाच अर्ध्यावर सोडून दिल्या आहेत.

आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू बी टाकणाऱ्या माणसाविषयी सांगतो. तो रात्री झोपतो, सकाळी उठतो आणि बी वाढत राहते. कसे, ते त्याला कळत नाही. पण हा माणूस आळशी नाही. पेरणी त्याने केली आहे आणि कापणीच्या वेळी तो विळा घेऊन हजर आहे. मधला काळ तेवढा त्याने देवावर सोपवला आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घेऊ या. पावसाळ्यात आपण जास्वंदीची फांदी खोचली की ती जगते. गंधसरूचे तसे नाही. त्याची तोडलेली डहाळी सहसा मुळे धरत नाही. म्हणून माळी त्याची रोपे बियांपासून करतात. यहेज्केल हे बाबेलच्या बंदिवासात, सर्व काही गमावलेल्या लोकांना सांगत होता. तुमचा राजा शेंडा खुडावा तसा खुडून नेला गेला, पण परमेश्वर अशा डहाळीचेही झाड करील, हा त्याचा निरोप होता. जे माळ्याला सहसा जमत नाही, ते देव करतो. ज्याला आपण ‘तुटला’ म्हणून सोडून दिले आहे, त्यालाही हा निरोप लागू आहे.

या आठवड्यात आपण एवढेच करू या. ज्याची आशा आपण सोडली आहे अशा एका माणसाचे नाव मनात धरून रोज त्याच्यासाठी प्रार्थना करू या. त्याला उपदेश नको, टोमणा तर नकोच. त्याला थोडी मोकळी जागा, थोडे ऊन आणि घरचे उघडे दार देऊ या.

प्रभो, पेरण्याचे बळ आम्हाला दे आणि वाट पाहण्याचा धीरही दे. ज्या झाडाची सावली आम्हाला मिळणार नाही, तेही आमच्या हातून लाव. आमेन.