स्थितप्रज्ञ चालतो कसा?

अर्जुनाने स्थितप्रज्ञाचे लक्षण विचारले आणि त्याच दमात पुढे विचारले, असा माणूस बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा? मी ऐकलेल्या प्रवचनांत बसण्यावर पुष्कळ बोलले जाते, चालण्यावर क्वचितच. मला मात्र तो शेवटचा प्रश्नच सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

निवृत्तीनंतर आम्ही दोघे हिवाळ्यात ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटजवळ, ला पोसाच्या सरकारी वाळवंटी जमिनीवर ट्रेलर लावतो. परवाना काढून 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल तिथे राहता येते. खाली खडी, वर मोकळे आभाळ आणि वारा. पहाटे मी गीतेचा दुसरा अध्याय उघडला, की यजमानांनी कूस बदलली तरी पुस्तक हलायचे.

ट्रेलरचे वजन चाकांवर आणि स्प्रिंगांवर असते. चार कोपऱ्यांतले स्टॅबिलायझर जॅक ते वजन पेलण्यासाठी नसतातच. त्यांच्यावर ट्रेलर उचलायला गेले तर चासी पिळते, दार अडकते. मी उमेदीची वर्षे पुलांची आरेखने तपासण्यात घालवली, त्यामुळे जाडजूड जॅक घ्यायचा सल्ला मला पटेना. उभा पाय खालीवर होणे आवरतो, आडवा झोक आवरत नाही. सांध्यांवर फिरणारा चौकोन ढकलला की कलंडतो. त्यात एक तिरपी दांडी घातली की त्रिकोण होतो आणि आकार टिकतो. आम्ही जॅकच्या पायांपासून चासीपर्यंत तिरपे आधार बोल्टने बसवले, लागोपाठच्या दोन चाकांमध्ये घट्ट अडसर लावले. हलणे खूप कमी झाले, पण पूर्ण थांबले नाही. टायर आणि स्प्रिंगा जागच्या जागीच आहेत, आणि त्या काढल्या तर ट्रेलर रस्त्यावर नेता येणार नाही.

मग मनाची स्प्रिंग काढून टाकणे म्हणजे स्थैर्य का? सांगलीला आमच्या शेजारच्या एका गृहस्थांनी तरुण मुलगा गेला तेव्हा टिपूस काढले नाही. लोक त्यांना स्थितप्रज्ञ म्हणत. पत्नीशीही ते त्यानंतर फारसे बोलले नाहीत. मला ते बिरुद तेव्हाही पटले नव्हते. गीतेत वाऱ्याने नाव ओढून नेण्याचा दृष्टान्त आहे; तिथे काळजी नाव हलण्याची नाही, भलतीकडे नेली जाण्याची आहे. आणि रागद्वेष सुटलेला माणूस विषयांमध्ये वावरतोच, असे त्याच अध्यायात सांगितले आहे. विनोबांची गीताप्रवचने 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात झाली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. नुसत्या जागेवर राहण्याने मन स्थिरावत असते, तर तिथे प्रवचनांची गरजच पडली नसती.

रोजचे वाचन, नामस्मरण, उपास हे दुःखाचे वजन उचलत नाहीत. ते वजन मनालाच पेलावे लागते. नेमाने एवढेच होते, की बाजूने धक्का आला तर माणूस कोलमडत नाही. माझ्या दृष्टीने हे थोडके नाही. यजमानांच्या आजारपणात मी त्यावरच उभी राहिले.

तळ हलवताना मात्र चारही जॅक वर घ्यावेच लागतात. खाली राहिले तर पहिल्याच चढाला वाकतात. ज्या नेमापायी शेजारच्या घरातल्या दुःखात जाणे राहून जाते, तो नेम त्या दिवशी बाजूला ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.