सातशे ग्रॅम

माझ्याकडे एक वही होती. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची, आणि आतल्या कात्रणांनी इतकी फुगलेली की मिटून राहावी म्हणून तिच्यावर शब्दकोश ठेवावा लागे. चिकटवायला खळ आई करून द्यायची. कणकेची, झुरळं लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद घातलेली. पहिल्या पानावर शारदाश्रमच्या सचिन-कांबळीची 664 धावांची भागीदारी. ती 1988 सालची, म्हणजे मी पाच वर्षांचा असतानाची. ते पिवळं पडलेलं कात्रण मी वाड्यातल्या एका काकांच्या मागे लागून मिळवलं होतं. शेवटच्या पानांवर शारजा. 22 एप्रिल 1998 ला 143 आणि दोनच दिवसांनी, त्याच्या पंचविसाव्या वाढदिवशी, 134. वाड्यात आम्ही पोरं त्याला तेंडल्या म्हणायचो, पण वहीत मी त्याचं नाव नेहमी पूर्ण लिहायचो.

आमचा वाडा सदाशिव पेठेत, पेरूगेटाजवळ. तेव्हा बोर्डाची गुणवत्ता यादी लागायची आणि दुसऱ्या दिवशी पेपरात मुलांना पेढा भरवणाऱ्या आईवडिलांचे फोटो यायचे. त्या फोटोतली जागा अण्णांनी माझ्यासाठी मी सातवीत असतानाच धरून ठेवली होती. अण्णांना क्रिकेटचं वावडं होतं असं मात्र नाही. त्यांचं दैवत म्हणजे प्रा. दि. ब. देवधर. आमच्यापासून चालत दहा मिनिटांवरच्या एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवणारा हा माणूस. 1926 मध्ये एमसीसीविरुद्ध त्याने 148 धावा केल्या, महाराष्ट्राला सलग दोन वर्षं रणजी करंडक जिंकून दिला आणि वयाच्या 52 व्या वर्षी एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत शतकं ठोकली. अण्णा हे सगळं सांगायचे आणि शेवटी एकच वाक्य जोडायचे, "पण आधी संस्कृत, मग बॅट." देवधरांचं नाव निघालं की आता पुस्तक उघडायचं, हे मला कळून चुकलं होतं.

31 जानेवारी 1999, रविवार. चेन्नईची कसोटी, समोर पाकिस्तान, जिंकायला 271 हव्या होत्या. माझी दहावीची पूर्वपरीक्षा चालू होती आणि दुसऱ्या दिवशी बीजगणित. अण्णांनी केबलची वायर काढून खिशात टाकली होती. मी चौकाकडच्या खिडकीत पुस्तक धरून बसलो. समोरच्या बिऱ्हाडातल्या टीव्हीचा आवाज चौकात घुमायचा, त्यावरून मला सगळं कळत होतं. 5 बाद 82. मग सचिन आणि मोंगिया. पाठ धरलेली, तरी तो उभा. 136 वर तो बाद झाला तेव्हा 17 धावा राहिल्या होत्या. आपण 12 धावांनी हरलो. आख्खा वाडा गप्प झाला आणि मी त्या पुस्तकावर डोकं ठेवून रडलो.

बीजगणिताचा पेपर वाईट गेला. संध्याकाळी घरी आलो तर कपाटावरचा शब्दकोश होता, खालची वही नव्हती. "रद्दीत दिली," अण्णा म्हणाले. मी काही बोललो नाही. दहावीची परीक्षा होईपर्यंत मी त्यांच्याशी फारसा बोललोच नाही.

मेमध्ये वर्ल्डकप सुरू झाला. 19 तारखेला सचिनचे वडील, रमेश तेंडुलकर, गेले. तो मुंबईला येऊन परत इंग्लंडला गेला आणि 23 तारखेला ब्रिस्टलला केनियाविरुद्ध नाबाद 140. शतक झाल्यावर त्याने बॅट उचलून आभाळाकडे पाहिलं. अण्णा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. ते तसेच उभे राहिले, एक शब्द न बोलता, आणि मग पायात चपला सरकवून बाहेर गेले.

गुणवत्ता यादीत मी आलो नाही. इंजिनिअर झालो, नोकरी लागली, वाडा पडून तिथे इमारत झाली आणि आम्ही त्याच जागी तिसऱ्या मजल्यावर राहतो. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. त्याच्यावर अभ्यासाची सक्ती करायची नाही, हे मी तो जन्मायच्या आधीच ठरवलं होतं. ती मी केलीही नाही. मी त्याला सातव्या वर्षी नेटला घातलं. पहाटे सव्वापाचला उठवायचं, दूध, स्कूटर, पायाशी किटबॅग. तो कधी नको म्हणाला नाही. कधी हो म्हणाला होता का, ते मला आठवत नाही.

गेल्या महिन्यात त्याचे सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "हात चांगला आहे, पण मन दुसरीकडे असतं." घरी येऊन मी किटबॅग उपसली. पॅडच्या घडीत एक वही सापडली. पानापानावर पेठेतले वाडे. दिंडी दरवाजे, कडी-कोयंडे, देवळ्या, तुळशीवृंदावनं, खांबांवरची नक्षी, सगळं पेन्सिलीने. काही चित्रांखाली बारीक अक्षरात "आता नाही" असं लिहिलेलं. इतक्या लहान हाताने एवढी बारीक रेघ ओढलेली मी पाहिली नव्हती. मला कौतुक वाटायला हवं होतं. मला राग आला.

"तुझ्या वयाचा होता तेव्हा सचिन आचरेकर सरांकडे घाम गाळत होता," मी म्हणालो आणि वही गॅलरीतल्या रद्दीवर फेकली.

तो काही बोलला नाही.

अण्णा आरामखुर्चीत होते. काठी शोधून ते उठले, हळूहळू गॅलरीत गेले, वाकून वही उचलली आणि सदऱ्याच्या टोकाने पुसली.

"तुझी सातशे ग्रॅम भरली होती," ते म्हणाले.

मला कळेना.

"वही. काटा मीच बघत होतो. तीन रुपये दिले त्याने. ब्रिस्टलची मॅच झाली त्या दिवशी परत गेलो होतो त्याच्याकडे. पण चार महिन्यांनी कसली राहतेय!"

सव्वीस वर्षं हा आकडा त्यांच्याजवळ होता. मला सचिनचे सगळे आकडे पाठ होते, हा एक माहीत नव्हता.

रमेश तेंडुलकर कवी होते, मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात मराठी शिकवायचे. मुलाने कवी व्हावं, प्राध्यापक व्हावं असा हट्ट त्यांनी धरला नाही. थोरला अजित धाकट्याला आचरेकरांकडे घेऊन गेला, ते त्यांनी होऊ दिलं. 16 नोव्हेंबर 2013 ला वानखेडेवरच्या निरोपाच्या भाषणात सचिनने सांगितलं, की अकराव्या वर्षी वडिलांनी आपल्याला मोकळीक दिली आणि स्वप्नामागे जा, फक्त आडवाटेने जाऊ नकोस, एवढंच बजावलं. ते भाषण ऐकताना माझ्या डोळ्यांना धार लागली होती. बायकोला सातवा महिना होता. पुढे कितीदा ऐकलं असेल! पण दर वेळी मी ते सचिन होऊन ऐकलं. मुलगा पोटात असूनही सचिनच्या वडिलांच्या जागी उभं राहून ऐकावं, असं मला एकदाही सुचलं नाही.

अण्णा खुर्चीत बसून पानं उलटत होते. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी एक पान डोळ्यांजवळ नेलं. "हा आपला दरवाजा. तुला कसा माहीत? तू जन्मायच्या आधी पडला."

"आजीच्या अल्बमात फोटो आहे," मुलगा म्हणाला. खूप वेळाने त्याचा आवाज आला होता.

"फोटोत दिसत नसेल, पण इथे आतल्या अंगाला अडणा होता. आणि वरती गणेशपट्टी. ती राहिलीय बघ."

मी किटबॅग उचलून आत नेऊन ठेवली. परत आलो तेव्हा तो अण्णांच्या पायाशी बसून पेन्सिलीला टोक करत होता.

"गणपतीची सोंड कुठल्या बाजूला होती, आजोबा?"