कमी दाबाची मोटर

सांगली जिल्ह्यात, कृष्णेकाठच्या एका गावात, मोटर भरणारा एक मिस्त्री होता. जळालेली मोटर दुकानात आली की तो जुनं तांबं उपसायचा, खाचांत कागद घालायचा, नवे वेढे मोजून बसवायचा आणि वर व्हार्निश द्यायचा. पण पंचक्रोशीत त्याला मान होता तो वेगळ्याच कारणानं. शेतकरी यायचा, म्हणायचा, "मिस्त्री, मोटर कामचुकार झालीय. नुसती कण्हतीय, पाणी फेकत न्हाई." मिस्त्री मोटर उघडायच्या आधी विहिरीवर जाऊन पेटीत मीटर लावायचा. 415 व्होल्ट हवेत तिथं 320 निघायचे.

"मोटरीला बोल लावू नका," तो सांगायचा. "दाब कमी आहे. तेवढंच पाणी ओढायचं म्हणून ती करंट जास्त घेते. बाहेरनं वाटतं, हळू चाललीय. आतनं ती जळत असते."

चाळिशी ओलांडल्यावर त्याला स्वतःलाच पहाटे तीनला जाग येऊ लागली. रात्रीच्या लाइटला विहिरीवर धावायची सवय लागलीय, असं तो बायकोला म्हणाला. मग पाठ धरली. पोट जड झालं, जेवण उतरेना, पँट सैल झाली. तालुक्याला रक्त तपासलं, साखर तपासली, थायरॉईड तपासलं. पाठीला पट्टा आला, पित्ताच्या गोळ्या आल्या. एका अमावास्येला लिंबूही उतरवून झालं. प्रत्येक ठिकाणी सांगितलं गेलं, "रिपोर्ट नॉर्मल आहेत." सांगणाऱ्याला ती आनंदाची बातमी वाटते. मिस्त्रीनं तिचा अर्थ असा घेतला की दुखणं खरं नाही, म्हणजे मीच खोटा.

दुकानात मोटरी साठत गेल्या. वेढे मोजताना आकडा चुकायचा, पुन्हा पहिल्यापासून मोजायचं, पुन्हा चुकायचा. तो अर्धं शटर ओढून आत नुसता बसून राहायचा. लोक म्हणाले, मिस्त्री आळसावला. तो मनात त्याच्याही पुढं गेला: मी नालायक आहे, घरावर भार आहे.

एका सकाळी बायकोच्या हातून चहात साखर घालायची राहिली. त्यानं कप संपवला, खाली ठेवला, काही बोलला नाही. आयुष्यभर गोड चहा पिणारा माणूस. तिला त्या दिवशी भीती वाटली.

त्याच आठवड्यात आशाताई फॉर्म घेऊन दारात आली. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा भरायचा असतो तो. तंबाखू खाता का, कंबरेचा घेर किती, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का, असं विचारत ती शेवटच्या दोन प्रश्नांवर आली. गेल्या दोन आठवड्यांत कामात गोडी वाटेनाशी झाली का? उदास, निराश वाटलं का? घाईच्या दिवशी ती दोन्हीपुढं शून्य टाकून उठली असती, आणि तिला कुणी विचारलंही नसतं.

"उदास-बिदास काय न्हाई, ताई," मिस्त्री म्हणाला. "मी आळशी झालोय, बास."

तिनं पेन थांबवलं. "आळशी माणसाला आळस गोड लागतो, दादा. तुम्हाला लागतोय का?"

बराच वेळ तो जमिनीकडं बघत राहिला. मग म्हणाला, "रोज."

"काय रोज?"

"तुम्ही विचारलं ते दोन्ही. रोज."

फॉर्मवर 'रोज'चे गुण तीन. तीन आणि तीन, सहापैकी सहा गुण झाले. आशाताई म्हणाली, "तुम्ही मोटर उघडायच्या आधी मीटर लावता ना? हा माझा मीटर समजा. तुम्ही कामचुकार न्हाई. दाब कमी आहे."

आपल्या भाषेत नावं ठेवणं वेगळं आणि नाव देणं वेगळं. मिस्त्रीनं वर्षभर स्वतःला नावं ठेवली, दुखण्याला मात्र नाव दिलं नाही. या कथेचा बोध एवढाच आहे: स्वतःला बोल लावण्याआधी, आपण आजारी तर नाही ना, हे विचारावं, आणि ते दुसऱ्या कुणाला तरी विचारू द्यावं. ताप आलेल्याला ताप कळतो. नैराश्य आलेल्याला आपण वाईट आहोत एवढंच कळतं, कारण ज्या मनानं ते ओळखायचं त्या मनालाच ते झालेलं असतं. निमहान्स या बंगळूरच्या मानसिक आरोग्य संस्थेनं 2015-16 साली 12 राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. नैराश्य आणि चिंतेसारखे नेहमी आढळणारे आजार असलेल्या शंभरातले सुमारे 85 जण उपचारांबाहेर होते. पैसा, अंतर, लाज ही कारणं आहेतच. पण ज्याला आपण आजारी आहोत हेच ठाऊक नाही, तो दवाखान्याची वाट तरी कशासाठी धरील?

आशाताईनं मिस्त्रीला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवलं. तिथं डॉक्टरांनी नऊ प्रश्न विचारले. नववा होता, मेलेलं बरं असं वाटतं का? मिस्त्री म्हणाला, "विहिरीवर एकटा असलो की." डॉक्टर दचकले नाहीत. रागावलेही नाहीत. त्याला विचारून त्यांनी बायकोला आत बोलावलं, काही दिवस याला विहिरीवर एकटं जाऊ देऊ नका म्हणाले, आणि 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर लिहून दिला. रात्री-अपरात्री लावा, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. मिस्त्रीनं तो दुकानाच्या भिंतीवर, गिऱ्हाइकांच्या नंबरांच्या वरच, खडूनं लिहिला.

"गोळीचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात, कधी जास्तही," डॉक्टरांनी बजावलं होतं. "मधे सोडू नका. बरं वाटलं तरी आपल्या मनानं बंद करू नका. आणि रोज एक छोटं काम करा. मन लागो न लागो."

हे छोटं काम म्हणजे नुसता धीर देणं नव्हे. गोव्याच्या आरोग्य केंद्रांत शिकवून तयार केलेल्या साध्या माणसांनी, डॉक्टर नसलेल्यांनी, सहा ते आठ बैठकांत नैराश्याच्या रुग्णांना अशीच कामं पुन्हा हाती धरायला लावली. 2017 साली त्या प्रयोगाचे निष्कर्ष छापून आले, आणि त्या रुग्णांचं नैराश्य इतरांपेक्षा जास्त उतरलं होतं.

मिस्त्रीनं पूर्ण मोटर हाती घेतली नाही. पहिल्या दिवशी एक बेअरिंग काढून रॉकेलनं धुतलं. दुसऱ्या दिवशी तेही झालं नाही. तिसऱ्या दिवशी झालं. दोन आठवडे फरक दिसेना, गोळीचं पाकीट फेकून द्यावंसं वाटलं. बायकोनं ते साखरेच्या डब्याशेजारी ठेवलं आणि रोज चहाबरोबर पुढं केलं.

सहाव्या आठवड्यात एका सकाळी त्यानं चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आज साखर कमी पडलीय गं."

ती डबा काढायला वळली. झाकण उघडायला तिला जरा वेळ लागला.